आतली बाजू

५ जानेवारी, रविवार

दादाची हौस नेहमीप्रमाणे लवकर फिटली. रिमोटवर चालणारी रेसची गाडी आणली होती त्याने. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, चारही चाकं उघडी, पुढे-मागे पंख, खऱ्या फॉर्म्युला गाडीची धाकटी बहीण शोभावी अशी. पहिल्याच दिवशी फुटपाथच्या कडेवर घातली. पुढचं चाक धरणारा हात मोडला आणि साहेब म्हणाले, "जाऊ दे, माझ्या पाठीला हे वाकणं झेपत नाही." तेव्हापासून गाडी चपलांच्या कपाटावर पडून होती. मोडकी वस्तू डोळ्यांसमोर असली की मला जेवण गोड लागत नाही.

मी कवळ्या बनवते. त्यामुळे साचा घेणं, ओतणं, घासणं हे हातातलंच. काल लॅबमधलं काम संपल्यावर तो मोडका हात नव्याने ओतून काढला. आमच्याकडे रंग एकच, हिरडीचा.

आज म्हटलं, चालवून तर बघू. जुन्या गोदामामागे डांबरी मैदान आहे, तिथे पाइप टाकून वळणं केली आहेत. रविवारी सकाळी हे शौकीन लोक जमतात. सगळे पुरुष. गळ्यात शिट्टी अडकवलेला एक जाडा माणूस शर्यती लावतो, त्याला सगळे शिट्टीमास्तर म्हणतात. त्याने मला विचारलं, "मुलगा कुठे राहिला?"

"मुलगा नाही. गाडी माझी आहे."

मग त्याने मला शेवटच्या टेबलावर जागा दिली. शेजारी एक उंच, साठीला आलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारून माझी गाडी उचलली, उलटी केली.

"हे गुलाबी काय आहे?"

"हिरडी," मी म्हणाले.

ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग गाडीकडे, आणि मग असे हसले की पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करायचं काम केलं त्यांनी, म्हणून त्यांना लिफ्टवाले म्हणतात. मी घरी निघेपर्यंत 'दातवाल्या' झाले होते.

हिरडी दुसऱ्या फेरीत मोडली.

१२ जानेवारी, रविवार

लिफ्टवाल्यांनी प्लास्टिकचा खरा हात आणून माझ्या टेबलावर ठेवला होता. "हिरडी दातांनाच राहू द्या," म्हणाले.

गाडी आता सरळ जाते, वळतेही. पण वळणातून बाहेर पडताना जरा वेग दिला की गरकन फिरते. शेपूट पुढे, तोंड मागे. सगळे मैदानाकडेच्या उंच माचावर ओळीने उभे राहून गाड्या चालवतात, आणि माझी गाडी मधोमध उलटी उभी. शिट्टीमास्तर ओरडतो, "दातवाल्या ताई, निघा!" कशी निघू? निघते आणि पुन्हा फिरते.

लिफ्टवाले म्हणाले, "सगळी ताकद मागच्या चाकांना मिळते. ती हळू ओतायची. तुम्ही फेकताय."

मग त्यांनी डिफ दाखवली. मागच्या दोन चाकांच्या मध्ये बारीक गोळ्यांची जोडणी असते, तिला डिफ म्हणतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. ती सवड ही जोडणी देते. फार सैल झाली तर ताकद वाया जाते, फार आवळली तर दोन्ही चाकं हट्टाने बरोबरच फिरतात.

"दोन्ही चाकं घट्ट धरा. मधलं दातेरी चाक अंगठ्याने ढकला. सरकतंय?"

"सरकतंय."

"सहज सरकायला नको. एवढा जोर लागायला हवा." माझ्या अंगठ्यावर अंगठा ठेवून त्यांनी जोर दाखवला.

तो जोर पक्का लक्षात राहिला आहे. आत्ता लिहितानाही अंगठ्यात आहे. माझ्या हातांना अशा गोष्टी चटकन कळतात, धंद्याचा गुण.

२६ जानेवारी, रविवार

एका वेळी एकच बदल करायचा, हा त्यांचा नियम. मला मान्य आहे, लॅबमध्येही मी तेच करते. गेल्या रविवारी बाजूच्या स्प्रिंगा मऊ घातल्या. आज मागच्या धक्के झेलणाऱ्या नळीतलं तेल जाड केलं, म्हणजे मागचा भाग झटका न खाता सावकाश झुकतो. गाडी शहाणी व्हायला लागली आहे.

मध्ये वेळ होता तेव्हा त्यांनी विचारलं, "कवळी जमली हे कसं कळतं हो?"

"घालणारा विसरतो की तोंडात काही आहे म्हणून."

"लिफ्टचंही तसंच. माणूस आत उभा राहून घरचा विचार करत असला की समजायचं, लिफ्ट चांगली आहे." थोडा वेळ चाकं पुसत राहिले. "आमची ही म्हणायची, तुम्ही दुसऱ्यांच्या घरी जाऊन दारं उघडता आणि आपल्या घरी आलात की बोलतसुद्धा नाही." त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हे त्यांनी सांगितलं नाही, शिट्टीमास्तरने मागे सांगितलं होतं.

माझ्याशी मात्र पुष्कळ बोलतात. गाडीचा विषय असल्यामुळे.

२ फेब्रुवारी, रविवार

आज गाडी जमली!

सगळ्या फेऱ्यांत एकदाही फिरली नाही. लांब वळणावर तर अशी चिकटून गेली, जणू खालून कुणी दोरीने धरली आहे. मी पाचवी आले. अकरा जणांत पाचवी! माचावरून उतरले तर लिफ्टवाले पायरीशी उभे. "आता हिला अजिबात हात लावू नका," म्हणाले. "झाली ही."

मग ते पलीकडच्या टेबलावर गेले. तिथे एक नवीन नवरा-बायको आले आहेत, त्यांची गाडी सुरूच होत नव्हती. बरोबरच आहे, ज्याला अडचण त्याच्याकडे जायला हवं. ते तिथेच बसले, शेवटपर्यंत. तिथूनही हसण्याचा आवाज येत होता.

मला डोकेदुखी झाली म्हणून लवकर घरी आले. उन्हाने असेल. ऊन नव्हतं, पण उजेड फार होता.

९ फेब्रुवारी, रविवार

एक प्रयोग केला. डिफ थोडी सैल करून गाडी कशी वागते ते पाहावं असं सकाळी वाटलं. चांगल्या सेटिंगचं महत्त्व कळायला वाईट सेटिंग माहीत हवं.

वाईट वागली. पहिल्याच वळणावर गरकन फिरली. लिफ्टवाले नवीन जोडप्याचं काम टाकून आले. दोन्ही चाकं धरली, अंगठा लावला. माझ्याकडे बघितलं. मी पाना शोधत होते.

"आपोआप सैल झाली?" त्यांनी विचारलं.

"होत असेल. धक्क्यांनी."

"होते," ते म्हणाले. "होते कधीकधी." आणि माझाच पाना घेऊन सावकाश आवळली. त्या कामाला पाव मिनिट पुरतं, पण ते चहा संपेपर्यंत माझ्याच टेबलावर होते.

एकंदर प्रयोग उपयोगी झाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज बॅटरी पुढे सरकवून पाहिली. मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं, पकड जाते. गेलीच. लिफ्टवाल्यांनी बॅटरी पुन्हा मागे घेतली.

घरी वहिनीला हे सांगत होते. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "वन्सं, तुम्ही त्यांना हाक काय मारता?"

"अहो म्हणते. आणखी काय म्हणणार? नाव कुठे माहीत आहे मला?"

वहिनीने उशीचा अभ्रा तोंडावर धरला. मी विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे?" तर म्हणाली, "काही नाही. तुमचे दादा आत्ता तुमच्यासारखेच भोळे दिसले, म्हणून." दादा त्या वेळी सोफ्यावर झोपला होता.

वहिनीची चेष्टा कधीकधी मला कळत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

लिफ्टवाल्यांची काळजी वाटते आहे.

आज मी काहीच बिघडवलं नव्हतं, म्हणजे बदललं नव्हतं. चांगली पहिल्या पाचांत येईन असं वाटत होतं. तर तेच माझ्या टेबलाशी आले, गाडी दोन्ही हातांत धरून. "अहो दातवाल्या, जरा बघता का? डावीकडे ओढते आहे. मला काही समजत नाही."

बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाला कडक स्प्रिंग, उजव्याला एकदम मऊ. दोन्ही वेगळ्या रंगांच्या! नवशिक्यालाही दिसेल. इतक्या वर्षांचा अनुभव असलेला माणूस, आणि ही चूक?

मी दोन्ही सारख्या बसवल्या आणि अवघडत का होईना, पण म्हणाले, "तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या. राग मानू नका. या वयात होतं."

ते हसायला लागले. हसता हसता खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला. "घेतो तपासून," म्हणाले. "पण दिसतं मला. चांगलं दिसतं."

असं सगळेच म्हणतात. आमच्या दवाखान्यातले म्हातारेही म्हणतात, मला सगळं चावता येतं.

बाकी आजचा दिवस छान गेला.

९ मार्च, रविवार

आज शर्यती उशिरा सुरू झाल्या, म्हणून आम्ही बराच वेळ बसून होतो. ते म्हणाले, "माझी मुलगी बोलावते आहे. तिला बाळ झालंय, घरात माणूस हवं. महिनाअखेरीला जातो आहे."

"किती दिवसांसाठी?"

"राहायलाच."

मी पुढच्या चाकाचा नट काढून पुन्हा लावला. मुलीचं घर लांब आहे, बसने गेलं तर अर्धा दिवस जातो. चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. "बघा, आमचं नशीब," म्हणाले. "जन्मभर लोकांना वर पोचवलं, आता स्वतः पायऱ्या चढा."

मी हसले.

मग ते म्हणाले, "तिथेही ट्रॅक आहे. हॉलमध्ये, गालिच्यावर. तुम्ही कधी... एखादा रविवार काढून आलात, तर बघता येईल तुम्हाला."

मी सांगितलं की गालिच्यावर माझे टायर चालणार नाहीत. पकड जास्त मिळते, गाडी उलटते. स्प्रिंगा बदलाव्या लागतील, उंची कमी करावी लागेल, सगळंच सेटिंग पुन्हा करावं लागेल.

"हो," ते म्हणाले. "तेही खरंच." आणि एकच चाक खूप वेळ पुसत राहिले. आधीच स्वच्छ होतं.

मी बरोबर तेच सांगितलं. तरी घरी येईपर्यंत सारखं वाटत होतं की काहीतरी विसरून आले. पिशवी दोनदा तपासली. सगळं होतं.

१९ मार्च, बुधवार

लॅबमध्ये आज एका बाईंच्या कवळीचे पुढचे दोन दात उलटसुलट बसवले. असं माझ्या हातून कधी होत नाही. डॉक्टर म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?" मेण वितळवून पुन्हा बसवले.

२३ मार्च, रविवार

आज त्यांची शेवटची शर्यत झाली. घडलं तसं लिहून ठेवते, कारण मला नीट कळलेलं नाही.

शेवटच्या शर्यतीत ते पहिले होते आणि मी दुसरी. बाकीचे मागे राहिले होते. माझी गाडी त्यांच्या गाडीपेक्षा वेगवान होती, हे मला दोनच फेऱ्यांत कळलं. सरळ रस्त्यावर मी जवळ यायची, वळणावर आणखी जवळ. त्यांच्या मागच्या पंखाला माझ्या गाडीचं नाक टेकेल इतकी जवळ. दोन्ही गाड्या एकाच रेषेत जात होत्या. ते वळले की मी वळायची, ते मंदावले की मी मंदावायची. लांब वळणावर त्यांची गाडी थोडी बाहेर गेली. आतली बाजू मोकळी झाली, माझी गाडी आरामात जाईल इतकी.

मी गेले नाही.

पुढच्या फेरीत पुन्हा तिथेच मोकळी झाली. मी पुन्हा मागेच राहिले. माचावर आम्ही शेजारी उभे होतो, कुणी कुणाकडे बघत नव्हतं, दोघांच्या नजरा खाली त्या दोन गाड्यांवर. शिट्टीमास्तर ओरडत होता, "दातवाल्या ताई, जागा आहे, जा की!" मला वाटत होतं, या फेऱ्या संपूच नयेत.

पण शिट्टी झाली. ते पहिले, मी दुसरी.

खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "पुढे का नाही गेलात?"

"माहीत नाही."

"मी आतली बाजू सोडली होती."

"बघितलं मी."

ते काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात शिट्टीमास्तर त्यांचा निरोप समारंभ करायला धावत आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. फोटोत मी टोकाला आहे. जाताना त्यांनी एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. "काही बिघडलं तर फोन करा," म्हणाले.

"करते," मी म्हणाले.

६ एप्रिल, रविवार

पहिली आले.

काही बिघडलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

पुन्हा पहिली. शिट्टीमास्तर म्हणाला, "दातवाल्या ताई, तुमची गाडी म्हणजे कमाल आहे." त्याने एक छोटा कपही दिला. शेजारचं टेबल आता त्या नवीन जोडप्याला मिळालं आहे. चांगली माणसं आहेत. बायकोने विचारलं, "तुमची डिफ कशी सेट करता, दाखवाल?" मी तिला दोन्ही चाकं धरायला सांगितली आणि तिच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून जोर दाखवला. मग पाणी पिऊन येते म्हणाले आणि गोदामाच्या भिंतीमागे उभी राहिले.

घरी येऊन गाडी पूर्ण उघडली. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक बेअरिंग, सगळ्या तारा तपासल्या. कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असेल असं वाटत होतं. काही नव्हतं. त्या माणसाने इतकं नीट करून ठेवलं आहे की वर्षभर काही व्हायचं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आज संध्याकाळी जेवणाआधी मी टेबलाशी बसून डिफ सैल करत होते. खोटं बोलायचं नव्हतं मला. बिघडली आहे म्हणायचं तर खरंच बिघडलेली हवी.

दादा पाणी प्यायला आला. "काय करतेस?"

"डिफ सैल करते आहे."

"चांगली चालते आहे ना?"

"हो."

"मग चांगली चाललेली गाडी बिघडवतेस कशाला?"

त्याने साधंच विचारलं होतं, ग्लास हातात घेऊन. मी पाना खाली ठेवला. फेब्रुवारीतला तो प्रयोग आठवला. बॅटरी आठवली. मग त्यांच्या गाडीच्या त्या दोन वेगळ्या रंगांच्या स्प्रिंगा आठवल्या, आणि मी त्यांना डोळे तपासायला सांगितलं होतं ते. "दिसतं मला. चांगलं दिसतं." मला एकदम हसू आलं. मग हसू थांबेना आणि त्याचं रडू झालं. दादा घाबरून वहिनीला हाक मारायला लागला. वहिनी आली, तिने माझ्याकडे पाहिलं, दादाच्या हातातला ग्लास घेऊन माझ्यासमोर ठेवला आणि त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. "अगं पण तिला झालं काय?" "काही नाही झालं. चला तुम्ही."

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी. लोकांच्या जबड्यात केसाएवढी फट असली तर मला दिसते.

डिफ पुन्हा आवळली. मग फोन लावला.

त्यांनी लगेच उचलला. मी बोलायच्या आतच म्हणाले, "काय बिघडलं?" आवाजात आनंद लपत नव्हता.

"काही नाही."

"डिफ?"

"हवी तेवढी घट्ट आहे."

"टायर गेले असतील."

"टायर चांगले आहेत. गेले दोन्ही रविवार पहिली आले मी."

"मग?"

"काहीच बिघडलेलं नाही हो," मी म्हणाले. "तरी फोन केला."

त्यांच्या मागे बाळ रडत होतं, कुणीतरी भांडी घासत होतं, टीव्ही चालू होता. मला वाटलं, ठेवावा फोन. तेवढ्यात म्हणाले, "ठेवू नका. थांबा. मी गच्चीवर जातो."

दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. मग पायऱ्या. एक एक पायरी चढताना ऐकू येत होती. त्यांचा श्वास, कठड्यावर घासणारा हात, मध्येच थांबणं, पुन्हा चढणं. मी फोन कानाला घट्ट लावून बसले होते. इतक्या लांबून एक माणूस माझ्यासाठी पायऱ्या चढत होता. शेवटी एक लोखंडी दार करकरलं आणि वारा ऐकू आला.

"आलो," ते म्हणाले. दम लागला होता. "बोला आता."

इतका वेळ मिळूनही मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "रविवारी इकडे कुणीच नसतं."

खरं तर हल्ली इतके लोक येतात की गाड्या लावायला जागा पुरत नाही. त्यांना ते माहीत आहे, शिट्टीमास्तर त्यांना फोटो पाठवतो.

"हो," ते म्हणाले. "इकडेही कुणी नसतं."

१९ एप्रिल, शनिवार

त्यांच्या गावची बस उद्या सकाळी सहाला सुटते. वहिनीने डबा बांधून ठेवला आहे आणि काही विचारलेलं नाही. दादाला मात्र राहवलं नाही. टेबलावर गाडी तशीच पाहून म्हणाला, "अगं, गाडी राहिली की! ती भरायची नाही का?"

"नाही," मी म्हणाले. "ती नाही नेत."